महिन्याच्या गोळ्या आणि वर्षाचा हप्ता

निवृत्तांच्या औषधखर्चावरचे पुस्तक हातात आले की बरेच वाचक ते मागून उघडतील. शेवटच्या पानावर ‘म्हणून अमुक पॉलिसी घ्या’ असे लिहिलेले असेल, ही त्यांची अपेक्षा. तीत गैर काही नाही. सत्तरीच्या माणसाला निबंध नको असतो, निकाल हवा असतो. मीरा रोडच्या पूनम सागर संकुलातल्या ज्या निवृत्त मंडळींनी हे पुस्तक संकलित केले, त्यांचीही सुरुवात तिथूनच झाली. कोणत्या कंपनीचा हप्ता किती, साठीनंतर कोण घेते, जुन्या आजाराला किती वर्षे थांबवते, असे तक्ते त्यांनी आखले. तक्ते भरत गेले तसा एक रकाना मात्र जवळपास सगळीकडे रिकामा राहू लागला. त्या रकान्याचे शीर्षक होते ‘महिन्याच्या गोळ्या’.

तो रकाना रिकामा का राहिला, एवढेच मला या प्रस्तावनेत सांगायचे आहे.

मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला शांती नगर, नया नगर, पूनम गार्डन, पूनम सागर अशी एकाला लागून एक संकुले उभी राहिली, ती मुंबईतल्या चाळींतून आणि पागडीच्या खोल्यांतून बाहेर पडलेल्या नोकरदारांसाठी. ज्यांनी पस्तिशी-चाळिशीत कर्ज काढून इथे दोन खोल्या घेतल्या आणि पुढे पंचवीस वर्षे सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये उभ्याने काढली, ते आता एकदमच म्हातारे झाले आहेत. गावात म्हातारपण घराघरांत वेगवेगळ्या वेळी येते; अशा संकुलात ते पिढीच्या पिढीला एकाच दशकात गाठते. म्हणून इथल्या मेडिकलच्या काउंटरवर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गर्दी असते. पेन्शन जमा झालेली असते आणि मागच्या महिन्याच्या गोळ्या संपत आलेल्या असतात.

या गर्दीत सगळ्यांची चिठ्ठी साधारण सारखीच. बीपीची एक, शुगरच्या दोन, कोलेस्टेरॉलची एक, कुणाला थायरॉइडची, कुणाला रक्त पातळ करायची. पैसे देण्याची तऱ्हा मात्र प्रत्येकाची वेगळी. एका मजल्यावर समजा चार दारे आहेत. पहिल्या घरातले काका पश्चिम रेल्वेतून निवृत्त झाले, दुसऱ्या घरातल्या काकू सरकारी बँकेतून, तिसऱ्या घरातले गृहस्थ भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यातून, आणि चौथ्यांचे स्वतःचे छोटे दुकान होते. चौघांना टेल्मिसार्टन आणि मेटफॉर्मिन चालू आहे. तीच गोळी, तोच डोस, पण चौघांना ती चार भावांत पडते. त्यातल्या दोघांना तर जवळपास फुकट.

रेल्वेच्या काकांकडे निवृत्त कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना आहे, जिला सगळे आरईएलएचएस म्हणतात. निवृत्तीच्या वेळी एकदाच ठरावीक रक्कम भरायची, ‘उमीद’ कार्ड काढायचे, आणि मग पती-पत्नी दोघांनाही रेल्वेच्या दवाखान्यातून औषधे. त्याची किंमत पैशांत नसते, वेळात असते. मुंबई सेंट्रलच्या जगजीवन राम रुग्णालयापर्यंत जायचे, रांगेत बसायचे, आणि कधी अमुक औषध साठ्यात नाही असे ऐकून परतायचे. जवळच्या रेल्वे आरोग्य केंद्रापासून अडीच किलोमीटरपेक्षा लांब राहणाऱ्या निवृत्ताला बाह्यरुग्ण सेवा सोडून महिना १,००० रुपये वैद्यकीय भत्ता घेण्याचा पर्याय असतो. हा भत्ता घ्यावा की रांग धरावी, यावर रेल्वेच्या निवृत्तांत दोन तट आहेत. माझे मत विचाराल तर गोळ्यांचे बिल हजाराच्या आत असेल तर भत्ता, इन्सुलिन किंवा हृदयाची औषधे चालू झाली की रांग. केंद्र सरकारच्या इतर निवृत्तांसाठी सीजीएचएस आहे. १९५४ साली दिल्लीत सुरू झालेली ही योजना १९६३ मध्ये मुंबईत आली. पगाराच्या पातळीप्रमाणे महिना २५० ते १,००० रुपये वर्गणी आहे. दहा वर्षांची एकदम भरली की कार्ड आयुष्यभराचे होते आणि औषधे केंद्रावरून मिळतात.

कारखान्यातून निवृत्त झालेल्या तिसऱ्या गृहस्थांची गोष्ट सर्वांत कमी लोकांना माहीत आहे, म्हणून या पुस्तकातले तेच प्रकरण मला सर्वांत मोलाचे वाटते. नोकरीत असताना ज्यांचा ईएसआयसीचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, हप्ता कापला जात होता, आणि किमान पाच वर्षे विमित नोकरी करून जे वयोमानाप्रमाणे निवृत्त झाले, त्यांना वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा पुढे चालू ठेवता येते. बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधेही त्यात आली. महिन्याला १० रुपये! औषधांचा याहून स्वस्त विमा देशात दुसरा असेल असे मला वाटत नाही. तरीही निवृत्तीच्या दिवशी नारळ आणि शाल देणाऱ्या मालकाला हा अर्ज हातात द्यायचे सुचत नाही आणि कामगाराला तो मागायचा असतो हे माहीत नसते. मीरा रोडहून सोयीचे ईएसआयसीचे रुग्णालय कांदिवली पूर्वेला आहे. तिथल्या गर्दीबद्दल तक्रारी आहेत, साठ्याबद्दलही आहेत. पण १२० रुपयांचे कार्ड खिशात ठेवून शिवाय बाहेरून औषध घेता येतेच. कार्ड न काढण्याला कारण सापडत नाही.

याच गृहस्थांची पेन्शन पाहिली की दोन आकडे शेजारी येतात. खासगी नोकरीतल्या ईपीएस-९५ योजनेची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे आणि तिला महागाई भत्ता नाही. केंद्र सरकार आपल्या निवृत्ताला नुसत्या औषधपाण्यासाठी देते तेवढीच ही रक्कम.

दुकानदाराकडे यांपैकी काहीच नाही. त्यांच्याकडे मुलाने काढून दिलेली मेडिक्लेम आहे. आणि काकूंकडे बँकेची गट विमा पॉलिसी आहे, तिच्याकडे पुढे वळतो, कारण या सगळ्या विषयाची मेख तिथे आहे.

आधी मेडिक्लेम. १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी ही पॉलिसी आणली तेव्हापासून तिचा सांगाडा फारसा बदललेला नाही: रुग्णालयात दाखल व्हा, मग खर्च मागा. मोतीबिंदूसारख्या एका दिवसात उरकणाऱ्या शस्त्रक्रिया पुढे त्यात आल्या, दाखल होण्याआधीचे आणि नंतरचे काही दिवस आले. विमा नियामकाने एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांना विकायला लावलेली ‘आरोग्य संजीवनी’ ही साधी पॉलिसी घ्या. दाखल होण्याआधीचे ३० दिवस आणि घरी आल्यानंतरचे ६० दिवस यांतला औषधखर्च तीत मिळतो, आणि प्रत्येक दाव्यातले ५ टक्के आपण सोसायचे असतात. आता एखाद्या काकांना स्टेंट बसवला. घरी आल्यावर साठ दिवस रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि स्टॅटिन यांचे बिल कंपनी देईल. एकसष्टाव्या दिवशी गोळ्या त्याच असतील आणि त्यातल्या काही पुढे जन्मभर घ्यायच्या असतील, पण बिल आपले. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांसाठी, उत्पन्न न विचारता, २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेले ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डही असेच आहे. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, घरी सोडल्यावर पंधरा दिवसांची औषधे, पुढे काही नाही. कार्ड जरूर काढावे. खासगी मेडिक्लेम असली तरी ते मिळते; सीजीएचएसवाल्यांना मात्र दोन्हींपैकी एक निवडावे लागते. पण ते काढल्याने मेडिकलचे बिल कमी होईल असे कुणी समजू नये.

विमा कंपन्या महिन्याच्या गोळ्यांना हात का लावत नाहीत? कंजूषपणा हे अर्धे उत्तर झाले. विमा मुळात घडेल की नाही हे माहीत नसलेल्या खर्चासाठी असतो. शंभर घरांतून एका घराला आग लागणार, कोणत्या ते ठाऊक नाही, म्हणून शंभर जण थोडे थोडे देतात. गॅसच्या सिलिंडरचा विमा कुणी काढत नाही, कारण तो दर महिन्याला लागणारच. बहात्तर वर्षांच्या मधुमेही माणसाच्या गोळ्या सिलिंडरसारख्या आहेत. ज्याला त्या लागतात तोच त्यांचा विमा मागतो, आणि ज्याला लागत नाहीत तो कशाला हप्ता भरेल? मग हप्ता म्हणजे औषधाचे बिल अधिक कंपनीचा खर्च अधिक एजंटचे कमिशन. बाजारात ओपीडीचा खर्च देणारी पुरवणी कवचे आहेत. संकलकांनी तीही तक्त्यात घेतली आहेत. ती पाहताना एकच वजाबाकी करावी: त्यासाठी भरावा लागणारा जादा हप्ता आणि वर्षाला मिळू शकणारी कमाल रक्कम. पाच-दहा हजारांच्या मर्यादेसाठी तेवढ्याच्या आसपास हप्ता मागितला जात असेल, तर आपलेच पैसे आपल्याला बिले जोडून परत मागायचे आहेत.

बँकेच्या काकूंच्या पॉलिसीत नेमके हेच घडले. बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यातल्या २०१५ च्या द्विपक्षीय करारानंतर बँक कर्मचाऱ्यांना गट विमा मिळाला, निवृत्तांनाही मिळाला; फरक एवढाच की निवृत्तांनी हप्ता स्वतः भरायचा. या पॉलिसीचे वैशिष्ट्य होते ‘डोमिसिलिअरी’, म्हणजे ठरवून दिलेल्या दीर्घ आजारांवर घरीच चालणाऱ्या उपचारांचा खर्च. मधुमेह, रक्तदाब, संधिवात असलेल्यांसाठी ही मोठीच गोष्ट होती. गोळ्यांची बिले जोडून दावा करता येत होता. साहजिकच दावे भरपूर आले आणि हप्ता वर्षागणिक चढत गेला. पुढे निवृत्तांसाठी डोमिसिलिअरीसह आणि डोमिसिलिअरीविना असे दोन दर झाले. दोन दर झाल्याबरोबर ज्यांची औषधे कमी त्यांनी स्वस्त दर धरला, ज्यांची जास्त ते महाग दरात उरले, आणि तो दर आणखी महाग झाला. निवृत्त बँकवाल्यांच्या बैठकीत या विषयावर आवाज चढतात ते मी ऐकले आहेत. प्रत्येक जण दुसऱ्या गटाला दोष देतो. दोष कुणाचाच नाही. निवड ऐच्छिक ठेवली की असेच व्हायचे.

पूनम सागरमधल्या ज्या घरांतली मुले अमेरिकेत आहेत तिथे फोनवर एक प्रश्न हमखास येतो: बाबांचा औषधांचा प्लॅन कोणता? मुलाच्या मनात मेडिकेअर या तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा ‘पार्ट डी’ असतो. डिसेंबर २००३ च्या कायद्याने आलेली ही व्यवस्था २००६ पासून तिथे चालू आहे. फक्त औषधांचा विमा, विकणाऱ्या कंपन्या खासगी, आणि दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात निवृत्तांनी प्लॅन तपासून बदलायचा. प्रत्येक प्लॅनची औषधांची यादी वेगळी, यादीत पायऱ्या, पायरीप्रमाणे खिशातून द्यायचे पैसे वेगळे. मग गॅसच्या सिलिंडरचा विमा तिथे कसा जमला? दोन कारणांनी. मूळ खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलते. आणि पात्र झाल्यावर जो वेळेत नाव नोंदवत नाही त्याच्या हप्त्यात उशिराच्या प्रत्येक महिन्याला एक टक्का दंड जन्माचा लागतो, त्यामुळे धडधाकट पासष्टीचा माणूसही आत येतो आणि त्याचा हप्ता आजारी माणसाच्या कामी येतो. २०२५ मध्ये तर वर्षात खिशातून जाणाऱ्या रकमेला २,००० डॉलरची मर्यादा घातली गेली. तिथल्या औषधांच्या किमती पाहता त्याशिवाय गत्यंतरही नव्हते. एडिसन किंवा जर्सी सिटीत मुलाकडे ग्रीन कार्डावर राहायला गेलेल्या आईवडिलांना मात्र हे सरळ मिळत नाही. तिथे कामाची वर्षे नसलेल्या पासष्टीच्या माणसाला सलग पाच वर्षे राहिल्यावर हप्ता भरून मेडिकेअरमध्ये शिरता येते. तोवर इथून पिशवी भरून गोळ्या नेणे चालू राहते.

आपल्याकडे पार्ट डीचा खरा भाऊबंद शोधायचा तर तो सीजीएचएस, रेल्वे आणि ईएसआयसीत आहे. सीजीएचएस आणि ईएसआयसीत तरुणपणी पगारातून सक्तीने कापले जाते, रेल्वेत निवृत्तीच्या वेळी एकरकमी भरले जाते, म्हणून म्हातारपणी गोळ्या देता येतात. बाजारातल्या पॉलिसीकडून ते मागणे म्हणजे पासष्टीत भिशी लावून पहिल्याच महिन्यात उचल मागण्यासारखे. म्हणून ज्यांच्याकडे या तिन्हींपैकी काही नाही, त्यांचा औषधांचा प्लॅन म्हणजे गोळीची किंमत. एवढे एकदा मनाशी मान्य केले की पुष्कळ गोष्टी सोप्या होतात.

गोळीची किंमत कशी ठरते यावर संकलकांनी एक प्रकरण दिले आहे. त्याला जोडून थोडा इतिहास सांगतो. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणे बंद केले, फक्त कृतीवर ठेवले, आणि मुंबई-अहमदाबादच्या कंपन्या वेगळ्या कृतीने तीच औषधे बनवू लागल्या. २००५ पासून रेणूवरचे पेटंट परत आले. त्यामुळे आज दोन प्रकारची औषधे चिठ्ठीत शेजारी शेजारी असतात. मेटफॉर्मिनसारखी जुनी, जी कितीही कंपन्या बनवतात, आणि पेटंटमधली नवी, जी महाग. पेटंट संपले की काय होते ते शुगरवाल्यांनी अलीकडेच पाहिले. सिटाग्लिप्टिनचे पेटंट जुलै २०२२ मध्ये संपले, एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये. दुसरी गोळी साठ रुपयांच्या आसपास होती. पेटंट सुटताच अनेक कंपन्यांनी ती पंधरा रुपयांच्याही आत आणली. रोज एक गोळी धरली तरी महिन्याला हजारावर रुपये वाचले. पण आपोआप वाचले नाहीत. ज्यांच्या चिठ्ठीवर जुन्याच ब्रँडचे नाव राहिले ते महिनोन्‌महिने जुन्याच भावाने घेत राहिले.

किमतीवर सरकारचे नियंत्रण आहे, पण ते अर्धवट आहे. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतल्या औषधांना कमाल किंमत ठरवून दिलेली असते. २०२२ च्या यादीत ३८४ औषधे आहेत. ही कमाल किंमत बाजारातल्या प्रमुख ब्रँडांच्या सरासरीवरून काढतात, म्हणजे बाजार महाग असेल तर कमाल किंमतही महागच. दर वर्षी १ एप्रिलला घाऊक महागाईप्रमाणे ती हलते. २०२३ मध्ये ती वाढ १२.१२ टक्के होती, २०२५ मध्ये १.७४ टक्के. यादीबाहेरच्या औषधांना वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवायची मोकळीक. आणि इथे एक पळवाट आहे, जी निवृत्तांच्या चिठ्ठीवर ठळक दिसते: जोडगोळ्या. बीपीची एक गोळी यादीत असेल, पण तिच्यात दुसरे औषध मिसळून केलेली गोळी यादीत असेलच असे नाही. एका गोळीत तीन औषधे हे सोयीचे असते, विसरणे कमी होते, आणि काही वेळा वैद्यकीय कारणही असते. पण तीन सुट्या गोळ्यांची किंमत आणि एका जोडगोळीची किंमत समोरासमोर ठेवून डॉक्टरांना एकदा विचारायला हरकत नाही.

किमती पडताळताना आणखी एक बारीक गोष्ट. एका कंपनीची स्ट्रिप दहाची, दुसरीची चौदाची, तिसरीची पंधराची. थायरॉइडची तर शंभर-एकशेवीस गोळ्यांची बाटली. स्ट्रिपच्या किमतीची तुलना केली की माणूस फसतो. या पुस्तकातल्या तक्त्यांत सगळीकडे एका गोळीची किंमत धरली आहे, हे संकलकांचे मोठे काम. मिलिग्रॅम वेगळे असतील तर ओळ वेगळी केली आहे. मेडिकलवाला १० टक्के सूट देतो की २० टक्के, याच्या चर्चा मीरा रोडला फार चालतात. सूट कशावर मिळते ते पाहा. मूळ छापील किंमतच चौपट असेल तर २० टक्क्यांनी काय होणार?

जनऔषधी केंद्रांचा मुद्दा इथेच येतो. २००८ मध्ये सुरू झालेली ही योजना आता देशभर १५,००० हून अधिक दुकानांपर्यंत गेली आहे. तिथली किंमत ठरवण्याचा नियम साधा आहे: आघाडीच्या तीन ब्रँडांच्या सरासरी किमतीच्या जास्तीत जास्त निम्मी. बहुतेक औषधे त्याहूनही खाली मिळतात. मग सगळे तिथून का घेत नाहीत? भरवसा हे एक कारण, आणि ते हसण्यावारी न्यायचे नाही. ‘स्वस्त म्हणजे कमअस्सल’ हा समज आयुष्यभराच्या खरेदीतून आलेला असतो. पण दुसरे कारण कायद्यात आहे. डॉक्टरने ब्रँडचे नाव लिहिले असेल तर औषध विक्रेत्याला शेड्यूल एचमधले, म्हणजे चिठ्ठीवरच मिळणारे, औषध बदलून, त्याच घटकाचे का असेना, दुसरे देता येत नाही. बदल करायचा तर डॉक्टरच्या लेखणीतून. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांना घटकनाव लिहिणे बंधनकारक करणारी नियमावली काढली आणि तीन आठवड्यांत स्थगितही केली. तसे पाहिले तर ब्रँडची नावे टप्प्याटप्प्याने काढून टाकावीत ही शिफारस जयसुखलाल हाथी समितीने १९७५ सालीच केली होती. पन्नास वर्षांत चिठ्ठी तिथेच आहे.

त्यामुळे रोग्याने स्वतः विचारणे एवढाच मार्ग उरतो. ‘डॉक्टर, घटकाचे नाव लिहून द्याल का?’ हे वाक्य म्हणायला आपल्या पिढीला जड जाते. डॉक्टरवर अविश्वास दाखवल्यासारखे वाटते. बहुतेक डॉक्टर लिहून देतात. काही जण एखाद्या औषधाबाबत नको म्हणतात, आणि ते ऐकावे. अपस्माराची औषधे, थायरॉइड, रक्त पातळ करायचे वॉर्फरिन यांत कंपनी वारंवार बदलणे इष्ट नसते. एकदा धरलेली कंपनी टिकवायची, बदललीच तर तपासणी करून घ्यायची. बीपी आणि कोलेस्टेरॉलच्या बहुतेक गोळ्यांत एवढी अडचण येत नाही.

सरकारी दवाखान्याकडे मध्यमवर्गीय निवृत्ताने पाठ फिरवली त्याला बरीच वर्षे झाली. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत, केसपेपरसुद्धा. भाईंदर पश्चिमेचे पंडित भीमसेन जोशी रुग्णालय पालिकेने बांधले, पुढे राज्याकडे गेले. बीपी-शुगरच्या साध्या गोळ्या अशा ठिकाणी मिळतात. साठा कधी असतो कधी नसतो हे खरे; तरी चौथ्या दारामागच्या दुकानदाराने एकदा जाऊन पाहावे असे मला वाटते.

मग विमा घ्यायचाच नाही का? घ्यायचा, पण रुग्णालयासाठी. तिथे २०२४ पासून निवृत्तांच्या बाजूने काही बदल झाले आहेत. १ एप्रिल २०२४ पासून पासष्टीनंतर नवी पॉलिसी देण्याची वयाची अट विमा नियामकाने काढली. जुन्या आजारांसाठी थांबण्याचा कमाल काळ चारवरून तीन वर्षांवर आला, आणि पाच वर्षे पॉलिसी चालवल्यावर लबाडी सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याचे कारण सांगून दावा नाकारता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांचा हप्ता नियामकाला विचारल्याशिवाय वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवू नये असे ठरले. दिलासा आहे, पण आकडेमोड करून पाहा: दरवर्षी १० टक्के वाढ म्हणजे सव्वासात वर्षांत दुप्पट. पासष्टीला ४०,००० भरणारे जोडपे बहात्तरी-त्र्याहत्तरीला ८०,००० भरेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला आणि बहुतेक औषधांवरचा १२ वरून ५ टक्क्यांवर आला. गट पॉलिसीला ती सूट नाही.

तुलना करताना संकलकांनी सुचवलेली रीत मला पटते. हप्ता, दाव्यात आपण सोसायचा वाटा, आणि बाराही महिन्यांच्या गोळ्या, असे तीन आकडे एकत्र धरायचे. समजा एका जोडप्याच्या गोळ्या महिना ३,५०० रुपयांच्या आहेत, म्हणजे वर्षाला ४२,०००. हप्त्याच्या दोन कंपन्यांतला फरक ४,००० निघाला म्हणून माणूस आठवडाभर एजंटांना फोन करतो. तेवढ्याच वेळात चिठ्ठी घेऊन जनऔषधीत गेला असता तर निम्मे बिल, म्हणजे २१,००० वाचले असते. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत राहिलेल्यांसाठी अजून एक बाब तक्त्यात आहे: ज्या ज्येष्ठाकडे आरोग्य विमाच नाही त्याच्या वैद्यकीय खर्चाची, मेडिकलच्या बिलांसकट, वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट ८०डी कलमाखाली घेता येते, पैसे मात्र रोखीने दिलेले नसावेत. नव्या पद्धतीत ही वजावट नाही. बिले फेकू नका, आणि काउंटरवर नोटांऐवजी मोबाइलने पैसे द्या.

संकलकांशी माझे दोन ठिकाणी जमले नाही. त्यांनी तक्त्याची सुरुवात विमा कंपन्यांपासून केली आहे. मी ती गोळीपासून केली असती. दुसरे म्हणजे जोडीदाराविषयीचे प्रकरण त्यांनी शेवटी टाकले. रेल्वे, सीजीएचएस, बँक यांची कार्डे बहुतेक घरांत नवऱ्याच्या नावावर असतात, फाइल त्याच्या कपाटात, पासवर्ड त्याच्या डोक्यात. तो गेल्यावर कौटुंबिक पेन्शन सुरू होते तशी वैद्यकीय योजनाही पत्नीच्या नावाने पुढे चालू ठेवता येते, पण त्यासाठी अर्ज, फोटो, पेन्शन आदेशाची प्रत लागते, आणि त्या महिन्यांत तिच्या स्वतःच्या गोळ्या थांबलेल्या नसतात. ईपीएस-९५ आणि खासगी मेडिक्लेमच्या घरांत तर पॉलिसीचे नूतनीकरण कोणत्या तारखेला आहे हेच तिला ठाऊक नसते. तारीख चुकली आणि सवलतीचे दिवस गेले की तीन वर्षांची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून मोजली जाऊ शकते. हे प्रकरण वाचकांनी आधी वाचावे आणि दोघांनी मिळून वाचावे.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कोरा तक्ता आहे. घटकनाव, मिलिग्रॅम, दिवसाला किती, एका गोळीची किंमत, कुठून घेतली, असे रकाने आहेत. किमती पेन्सिलीनेच लिहा. १ एप्रिल आला की खोडून पुन्हा भराव्या लागतील.